बाटलीची उंची

त्या दिवशी बाटली खाली नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि ज्या सरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली त्यांना तर नाहीच. उलट बाटली खाली होती असं मी भर मीटिंगमध्ये, स्वतःहून, मान खाली घालून सांगितलं होतं. त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

कुठली बाटली, ते आधी सांगायला हवं.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. परळमधल्या एका संशोधन केंद्रात नोकरी करतो. माणसांसाठी बनवलेली उपकरणं आधी प्राण्यांवर वापरून बघायची, हे तिथलं काम. प्राण्याला भूल देणं, तो शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबणं, पुढचे काही आठवडे त्याला सांभाळणं आणि शेवटी त्याला मारणं, हे माझ्याकडे. मारणं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. सॅक्रिफाइस म्हणतात. आज दोन सॅक्रिफाइस आहेत, जेवण लवकर उरकून घ्या, असं आम्ही सहज बोलतो. पहिल्या वर्षी मला या शब्दाचा त्रास व्हायचा. नंतर तो व्हायचा बंद झाला, आणि बंद झाला हेही माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आम्ही भोईवाड्याच्या चाळीतले. आमच्या मजल्यावर डॉक्टर झालेला मी पहिलाच. म्हणून सुरुवातीला कुणाला ताप आला, कुणाची पाठ धरली, की माझ्याकडे यायचे. मी संकोचून सांगायचो की मी जनावरांचा आहे. ताईला त्याची फार गंमत वाटायची. ती पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, माझ्याहून बरीच मोठी, आणि जिभेला धार. "आमचा डॉक्टर चांगला आहे हो," ती आलेल्या माणसाला सांगायची, "त्याच्या एकाही पेशंटने आजवर तक्रार केलेली नाही."

जे काम मी सांगतोय ते बीपीचं होतं. काही माणसांचं बीपी कितीही गोळ्या घेतल्या तरी उतरत नाही. किडनीकडे जी धमनी जाते तिच्या बाहेरच्या अंगाला बारीक मज्जातंतू असतात, आणि बीपी चढतं ठेवण्यात त्यांचा वाटा असतो. जांघेतून एक बारीक नळी त्या धमनीपर्यंत न्यायची, नळीचं टोक तापवायचं, आणि भिंतीतून पलीकडे जाणाऱ्या उष्णतेने ते मज्जातंतू जाळायचे. धमनीची भिंत मात्र शाबूत राहिली पाहिजे. आतून रक्त वाहत असतं, ते भिंतीला गार ठेवतं. परदेशात अशी उपकरणं आहेत. सरांना ते इथे बनवायचं होतं, इथल्या दवाखान्यांत परवडेल असं. ते हृदयाचे डॉक्टर. रोज दादरहून चालत यायचे, आणि चालताना सुचलेलं काहीतरी दारातूनच सांगायला लागायचे.

उष्णता जास्त झाली तर भिंतीला इजा होते, ती भरून येताना आकसते आणि धमनी चिमटते. मग तिच्या मागची किडनी हळूहळू सुकते. असं होत नाही ना, हे बघण्यासाठी डुकरं होती. डुकराची ही धमनी जवळपास माणसाच्याच मापाची असते. आम्ही फक्त उजवी धमनी तापवायचो, डावी तशीच ठेवायचो, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. काही आठवड्यांनी रंग सोडून धमन्यांची एक्स-रे फिल्म काढायची, मग प्राणी सॅक्रिफाइस करायचा आणि धमन्यांचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

आता बाटली. मेलेल्या प्राण्याची धमनी तशीच कापून बरणीत टाकली तर ती भिजलेल्या पाकिटासारखी मिटते. मग ती मुळात चिमटलेली होती की नंतर मिटली, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्राणी गेला की लगेच त्याच्या मुख्य धमनीत नळी बसवून फॉर्मॅलिन सोडायचं, आणि तेही जिवंतपणी रक्ताचा जेवढा दाब असतो तेवढ्याच दाबाने, म्हणजे धमनी फुगलेल्या आकारातच घट्ट होते. दाबासाठी आमच्याकडे यंत्र नव्हतं. बाटली उंच टांगली की दाब मिळतो. टेबलाच्या वर, भिंतीत, मोजून एक हुक ठोकलेला होता. बाटली तिथेच लावायची. खाली सलाईनच्या स्टँडवर लावली तर दाब कमी पडतो. हुकापर्यंत हात पोचायला स्टुलावर चढावं लागे, आणि त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली आम्ही घडी केलेला पुठ्ठा सरकवायचो.

त्या दिवशी मी पुठ्ठा सरकवला होता. स्टुलावर चढलो होतो. बाटली हुकाला लावताना फॉर्मॅलिनचा एक थेंब मनगटावर पडला आणि मी तो कोटाला पुसला. इतकं मला आठवतंय. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

ते डुक्कर जाळीला पाठ घासत उभं राहायचं. मी फरशीचा ब्रश घेऊन त्याची पाठ खाजवायचो, तेव्हा ते डोळे मिटायचं. केळं दिलं तर सालासकट खायचं. त्यात विशेष काही नव्हतं, सगळीच खातात. त्याच्या फिल्ममध्ये उजवी धमनी एका जागी किंचित बारीक दिसली होती. नळी घातली की धमनी कधीकधी तात्पुरती आकसते, तसं असेल, असं सर म्हणाले. ते अशक्य नव्हतं. मग मी त्याला सॅक्रिफाइस केलं आणि स्टुलावर चढलो.

काप तयार होऊन आले ते काही आठवड्यांनी, सोमवारच्या मीटिंगला. या मीटिंगची आमच्याकडे एक पद्धत होती, सरांनीच घातलेली. सुरुवातीला ज्याच्या हातून आठवड्यात जे चुकलं असेल ते त्याने स्वतःच सांगायचं. सांगितलं की विषय संपला. त्यावर कुणी उलटतपासणी करायची नाही, टोमणा मारायचा नाही, मागाहून उकरून काढायचं नाही. सर म्हणत की माणूस घाबरला की लपवतो, आणि लपवलेली चूक पुढे पेशंटच्या अंगावर येते. ही पद्धत फार चांगली होती. मी आजही असंच म्हणेन. तिच्या आडोशाला असं काही करता येईल हे तिथे कुणाच्या मनातही आलं नसेल. माझ्याही नव्हतं आलं, ते करेपर्यंत.

काप दाखवत होत्या पॅथॉलॉजीच्या बाई. निवृत्तीला टेकलेल्या, गिरगावातून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. आधीच्या सगळ्या डुकरांच्या धमन्या छान होत्या, उजव्याही आणि डाव्याही. मग या डुकराची उजवी पडद्यावर आली. भिंत जाड झालेली, मधली जागा शर्टाच्या काजाएवढी फट.  

ते खरं असेल तर काय, हे सगळ्यांना माहीत होतं. उष्णता कमी करायची, पुन्हा नवी डुकरं आणायची, सगळं पहिल्यापासून. माणसांवरची चाचणी लांबणार. सरांनी त्यासाठी परळच्याच एका हॉस्पिटलशी बोलणी पुरी केली होती. त्यांचा चेहरा मला समोरच दिसत होता. रागावलेला नव्हता. थकलेला होता. त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं की फिक्सेशनच्या वेळी, म्हणजे फॉर्मॅलिन सोडताना, काही अडचण आली होती का. ते खरंच विचारत होते. माझ्याकडून काही वदवून घ्यावं असा त्यात हेतू नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आलो.

"माझी चूक आहे, सर," मी म्हणालो. "बाटली हुकाला नव्हती. खाली स्टँडवर राहिली होती."

हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. ते तोंडातून आलं आणि खोलीभर जणू हवा आली. कुणीतरी खुर्ची सरकवली. सर उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आणि बाकीच्यांना म्हणाले की ही मीटिंग यासाठीच आहे. त्या डुकराचे काप तांत्रिक दोषामुळे मोजणीतून वगळले गेले. विषय संपला. आमच्या पद्धतीप्रमाणे तो पुन्हा कुणी काढला नाही.

एक गोष्ट मात्र त्या पडद्यावर होती आणि सगळ्यांना दिसत होती. फॉर्मॅलिन एकाच बाटलीतून, एकाच नळीतून दोन्ही बाजूंना जातं. बाटली खाली असती तर डावी धमनीही मिटायला हवी होती. डावी गोल होती, इतकी सुरेख की पुस्तकात छापावी. त्या खोलीत बसलेल्या कुणालाही हे कळण्यासाठी एकदा डावीकडे बघणं पुरेसं होतं.

मीटिंगनंतर बाई बेसिनपाशी हात धूत होत्या. मी बाजूच्या नळाला उभा राहिलो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "डावी छान आली हो तुमची, डॉक्टर."

मी हो म्हणालो. त्यांनी हात झटकले, पदराला पुसले, थोडा वेळ उगाच उभ्या राहिल्या. मग गेल्या. त्या थांबल्या होत्या ते माझ्यासाठी, हे मला तेव्हाही कळलं होतं.

का बोललो मी तसं? याचं उत्तर मी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं दिलं आहे. सरांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही, हे एक. पण बरीच वर्षं मी जे धरून होतो ते दुसरंच. आमच्या चाळीच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते. ताई पुढे बसून म्हणायची, बाकी सगळे मागून. पंचशिलात पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. या नोकरीला लागल्यापासून मी पहिल्या शिलाला गप्प राहायचो. ओठ हलवायचो फक्त. रविवारी जे म्हणायचं त्याच्या उलट सोमवारी करायचं, हे मला जमेना. तर त्या मीटिंगनंतर मी स्वतःला असं समजावलं की मी डुकरांना वाचवलं. पुन्हा नवी डुकरं आली असती, पुन्हा ती सगळी माझ्याच हातून गेली असती. एका खोट्या वाक्याने तेवढे जीव वाचले. ऐकायला बरं वाटतं. मला कितीतरी दिवस बरं वाटलं. पण त्या वाक्यामुळे कोण मरू शकतं, याचा विचार मी केला नाही. शिकलेला माणूस होतो, माझं सगळं कामच तो विचार करण्याचं होतं, आणि मी तो केला नाही. पुढच्या रविवारपासून मी चौथ्या शिलालाही गप्प राहायला लागलो. चौथं खोटं न बोलण्याचं.

ताईला बीपी होतं. शाळेत असल्यापासून. निवृत्तीनंतर ते वाढत गेलं. सकाळी डोक्याच्या मागे ठणका, गोळ्यांवर गोळ्या, तरी उतरेना. परळच्या त्या हॉस्पिटलमध्ये ती दाखवायला जायची. तिथे तिला चाचणीबद्दल सांगितलं गेलं. मी त्या कामात होतो हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे ती घरी आली ती जवळजवळ हसतच. तुझ्या डुकरांच्या रांगेत आता मी, म्हणाली.

मी संध्याकाळी कामावरून तिच्याकडे गेलो होतो. ती गॅलरीत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. समोर जिन्यात मुलं खेळत होती, त्यांना मध्येच ओरडत होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, पण सही करण्याआधी तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "डुकरांना काही झालं का रे?"

"नाही."

तिने शेंग मोडली. "एकालाही नाही?"

शाळेत पोरांना ती असंच दुसऱ्यांदा विचारायची. पहिल्या उत्तरावर तिने कधी कुणाला सोडलं नाही.

"एकालाही नाही," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली, आणि मला चहा टाकायला आत पाठवलं.

चहा उकळेपर्यंत मी स्टोव्हसमोर उभा होतो. बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मला कुणी अडवलं नव्हतं. ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, कदाचित महिनाभर बोलली नसती. चहा घेऊन मी बाहेर गेलो आणि तिने साखर कमी आहे म्हणून नावं ठेवली.

आधी सगळं उत्तम झालं. बीपी उतरलं. तिच्या अर्ध्या गोळ्या बंद झाल्या. ती जिना न थांबता चढायला लागली आणि वर पोचली की खाली उभ्या असलेल्या मला हाका मारून चिडवायची. त्या महिन्यांत मी जवळजवळ सुखात होतो. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षी बीपी पुन्हा चढलं, पूर्वीपेक्षा वर. पाय सुजले. फिल्म काढली तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. ओळखीने आत जाऊ दिलं. पडद्यावर रंग सरकत गेला, आणि तिची उजवी धमनी एका जागी चिमटलेली दिसली. मी ती आधी पाहिली होती. त्या डुकराच्या फिल्ममध्ये तेवढ्याच अंतरावर, तशीच. चिमटलेल्या जागी जाळीची नळी बसवली, पण त्या बाजूची किडनी तोवर सुकून गेली होती. दुसरी इतक्या वर्षांच्या बीपीने आधीच अर्धी झाली होती. आता ती डायलिसिसवर आहे.

तिथले डॉक्टर म्हणाले की इतकं जुनं बीपी असलेल्या माणसांच्या धमन्या आपोआपही चिमटतात. हे खरं आहे. मी त्यांना खोटं ठरवू शकत नाही. कदाचित उष्णतेचा यात काही संबंध नसेल, आणि ताईचं असंच व्हायचं होतं. मला हे कधीच कळणार नाही. पण त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला कळतं. ताईचं जे झालं ते उपकरणामुळे झालं असं धरता येत नाही, कारण प्राण्यांमध्ये असं एकदाही दिसलेलं नव्हतं. म्हणजे ते डुक्कर जसं मोजणीतून बाजूला काढलं गेलं, तशी ताईही काढली गेली. मी ते वाक्य बोललो नसतो तर निदान ती मोजली गेली असती. चाचणी चालू आहे. आठवड्याला कुणी ना कुणी तिच्यासारखं तिथे झोपतं, जांघेतून नळी घालून घेतं.

मग मी गिरगावात बाईंकडे गेलो. का गेलो ते आता सांगतो, तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. मला कुणीतरी सोबत हवं होतं. वाटलं, यांनाही माहीत आहे, आपण दोघं मिळून सरांना सांगू. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. चहा झाला, केंद्रात कोण आहे कोण गेलं, ते झालं. मग मी डाव्या धमनीचा विषय काढला.

त्यांनी मला बोलू दिलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात बाटली खाली होती. मी तुमच्या शब्दावर सही केली. आता या वयात माझ्याकडे तेवढंच आहे, डॉक्टर. ते काढून घेऊ नका."

मी उठलो. त्या जिन्यापर्यंत आल्या, सांभाळून उतरा म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्याकडे जे मागायला गेलो होतो ते त्यांचं नव्हतंच.

सरांच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आहे. एकदा ते फोनवर होते. एकदा फोनवर नव्हते, आत गेलो, बसलो. त्यांनी ताईची चौकशी केली, अगदी मनापासून. डायलिसिसचं कुठे नीट होतं, कुणाला फोन करू, असं विचारत राहिले. मी आभार मानून बाहेर आलो.

ताईला पाणी मोजून प्यावं लागतं. स्टीलचा एक पेला आहे, त्यावर तिने नेलपॉलिशने खूण केली आहे. सकाळी तेवढं पाणी भरायचं, ते दिवसभर पुरवायचं. नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, बटाटा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून. चहा अर्धा कप. चहा म्हणजे तिचा जीव होता. ती बर्फाचा खडा तोंडात धरते आणि डोळे मिटते. तेव्हा मी दुसरीकडे बघतो, कारण मला ब्रशने पाठ खाजवताना डोळे मिटणारं ते डुक्कर दिसतं. बहिणीकडे बघून हे आठवावं, ही लाज कुठे ठेवायची मला कळत नाही.

डायलिसिसला मीच घेऊन जातो. चार तास बाजूला बसतो. रक्त नळीतून बाहेर जातं, मशीनमधून फिरून परत येतं. ती पेपर वाचायला लावते आणि माझे उच्चार सुधारते. शेजारच्या खाटांवरच्या लोकांना सांगते की माझा भाऊ यातच आहे, याच कामात, आमच्यावरून पुढच्यांना कळेल काय ते. अभिमानाने सांगते. परवा नवऱ्याला डायलिसिसला घेऊन येणाऱ्या एका बाईंनी तिला विचारलं की त्यांचंही बीपी उतरत नाही, तर त्यांनीही ते ऑपरेशन करून घ्यावं का. ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. याला विचारा, म्हणाली. मी त्यांना म्हणालो की डॉक्टरांशी बोला. मशीनचा अलार्म वाजला, नर्स आली, ते तेवढ्यावर राहिलं. त्या बाई अजून येतात. अजून त्यांनी ठरवलेलं नाही. मला बघितलं की हसतात.

या बुद्धपौर्णिमेला ताईला विहारात नेलं. आता ती पुढे बसून वंदना म्हणत नाही, तेवढा दम राहत नाही. दुसरी एक मुलगी म्हणते, तिचीच विद्यार्थिनी. ताईला मागे खुर्ची दिली, मी खाली चटईवर, तिच्या पायापाशी. इतकी वर्षं ती पुढे, माझ्याकडे पाठ करून बसायची. बाजूला ती पहिल्यांदाच होती, आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही. पंचशील सुरू झालं. मी नेहमीप्रमाणे पहिल्याला गप्प राहिलो, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं, चौथ्याला गप्प राहिलो, पाचवं म्हटलं.

खीर वाटली गेली. तिला खीर चालत नाही. तिने वाटी माझ्या हातात दिली, मी खात होतो. आजूबाजूला पांढऱ्या साड्यांची लगबग, पोरांचा गलका. ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पहिल्याला गप्प बसतोस ते मला समजतं. चौथ्याला का रे?"

मी म्हणालो, घसा धरलाय.

 शेंग मोडताना विचारलं तसं दुसऱ्यांदा विचारेल असं मला वाटलं. मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला अजूनही वाटतं, पण माझ्या वाटण्याला आता मी फार किंमत देत नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आधारासाठी, आणि उठून उभी राहिली.

तेव्हापासून मी जातो तेव्हा ती बोलते, चिडवते, पेपर वाचायला लावते. फक्त डुकरांवरून चिडवत नाही. पेशंट तक्रार करत नाहीत, हा तिचा जुना विनोद तिने टाकून दिला आहे. तिला काय कळलं आहे आणि किती, हे मला ठाऊक नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली आहे एवढं दिसतं. डॉक्टर सांगतात की तिचं हृदयही आता थकत चाललंय.

मी हे लिहिलं कारण बोलता आलं नाही. लिहिल्याने काही फिटलेलं नाही, हे मला कळतं. त्या डुकराची उजवी धमनी खरोखर चिमटलेली होती, हे सरांना लेखी देणं मी लागतो. डायलिसिसला येणाऱ्या त्या बाईंनी ठरवण्याआधी त्यांना ते सांगणं लागतो. आणि या दोन्हींच्या आधी, ताईने गॅलरीत दुसऱ्यांदा विचारलं होतं, एकालाही नाही? त्याचं उत्तर मी तिला देणं लागतो. उत्तर 'एकाला' असं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.